परक्या हाती दिलेले हस्तलिखित

पुस्तक लिहून पुरे झाले म्हणजे लेखकाच्या मनाला एक प्रकारची निश्चिंती वाटू लागते. वस्तुतः त्याच वेळी त्याची दृष्टी सर्वांत अधू झालेली असते. ज्या कागदांशी त्याने महिनोन्‌महिने सहवास केलेला असतो, ते त्याच्या इतके परिचयाचे झालेले असतात की त्यांवर काय लिहिले आहे हे त्याला दिसत नाही. काय लिहावयाचे होते तेवढेच दिसते. गळलेला शब्द त्याच्या डोळ्यांना जागेवर दिसतो आणि तीनदा सांगितलेली हकीकत प्रत्येक वेळी नवी वाटते. म्हणून हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जावे लागते. हे काम पूर्वी बहुधा प्रकाशकाकडे असे. आता पुष्कळ लेखकांना ते स्वतःच्या खर्चाने करून घ्यावे लागते, आणि स्वतंत्रपणे व्यवसाय करणारा संपादक गाठावा लागतो. अशा संपादकाकडून काय अपेक्षावे, काय अपेक्षू नये, आणि आपल्याकडे काय राखून ठेवावे, याचा विचार मात्र पैसे देऊन झाल्यावरच होताना दिसतो.

बंगळूरसारख्या शहरात हा प्रश्न विशेष जाणवतो. मराठीचा या शहराशी संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा आहे. अलीकडच्या काळात १९४० साली विमानांचा, १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली यंत्रहत्यारांचा आणि १९५४ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा असे मोठे कारखाने येथे निघाले, आणि त्यांत नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. अशा एका कुटुंबातील निवृत्त गृहस्थांची कल्पना करावी. घराणे मूळचे धारवाडकडचे, बालपण बसवनगुडीत गेलेले, नोकरी टेलिफोनच्या कारखान्यात झालेली. तीन वर्षे खपून त्यांनी आपल्या आठवणी मराठीत लिहून काढल्या आहेत. मजकूर साठ हजार शब्दांचा आहे. त्यात त्यांची आई आहे, वडील आहेत आणि जुने बंगळूर आहे. आईचे बोलणे जसेच्या तसे ठाऊक असणारे आता घरात त्यांच्याशिवाय कोणी उरलेले नाही. इंग्रजी पुस्तकांचे संपादन करून देणारी माणसे त्यांना शहरातच भेटतात. मराठी संपादकासाठी मात्र पुण्यामुंबईकडे पत्रव्यवहार करावा लागतो. निवृत्तिवेतनातून शिल्लक टाकलेली रक्कम आणि आयुष्यात एकदाच होणारे पुस्तक, अशा दोन गोष्टी ते एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवणार आहेत.

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘संपादक’ या एका शब्दावर मराठीने अनेक कामांचे ओझे घातले आहे. ‘केसरी’चे टिळक हे संपादकच. शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य राजवाडे हेही संपादकच. १९१९ ते १९६६ इतकी वर्षे खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे भांडारकर संस्थेतील पंडितही संपादक, आणि चार मित्रांचे लेख गोळा करून गौरवग्रंथ काढणाराही संपादकच. हयात लेखकाच्या हस्तलिखितावर त्याच्याच संमतीने काम करणारा माणूस या सर्वांहून निराळा आहे. त्याचे नाव मुखपृष्ठावर येत नाही, आणि काम चांगले झाले तर ते वाचकाच्या लक्षातही येत नाही.

हे काम मराठीला नवे नाही. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन यांनी लेखकाशी पत्रव्यवहार करून, शंका विचारून, पुनर्लेखनाचा आग्रह धरून हस्तलिखिते सिद्ध करण्याची जी रीत पाडली, ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा भाग झाली आहे. लेखक मुंबईतच असावा लागे असेही नव्हते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून लिहीत होते, आणि संपादकांशी त्यांचा संबंध मुख्यतः टपालाने असे. तेव्हा बंगळूरच्या लेखकाने अंतराची धास्ती घेण्याचे कारण नाही. एक फरक मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. भागवत-पटवर्धनांना लेखक पैसे देत नव्हता. हस्तलिखित नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि त्या अधिकारामुळे त्यांच्या सूचनेला वजन होते. स्वतंत्र संपादकाचे मानधन लेखकाच्या खिशातून येते. जो आपल्याला पैसे देतो त्याला ‘तुमची पहिली तीन प्रकरणे काढून टाका’ असे सांगणे सोपे नसते, आणि पैसे मोजणाऱ्याला ते ऐकणे त्याहून अवघड असते. या व्यवहारातील खरा धोका येथे आहे. भाषा बिघडेल ही भीती लेखकाला असते. परंतु कोणी खरे बोलणारच नाही ही भीती अधिक मोठी मानली पाहिजे. म्हणून संपादक निवडताना लेखकाने स्वतःला पहिला प्रश्न हा विचारावा, की आपण मत विकत घेण्यास निघालो आहोत, की शाबासकी?

काम ठरवण्यापूर्वी त्याचे प्रकार ओळखावे लागतात. ते स्थूलमानाने चार आहेत. पहिला प्रकार रचनेचा. यात संपादक एकेक वाक्य पाहत नाही. पुस्तक कोठे सुरू व्हावे, कोणते प्रकरण कोणाच्या आधी यावे, कोठे पाल्हाळ झाला आहे आणि कोठे वाचकाला अधिक हवे होते, हे तो सांगतो. याचे फळ बहुधा एका दीर्घ पत्राच्या रूपाने मिळते, आणि त्यानुसार लिहिण्याचे काम लेखकालाच करावे लागते. दुसरा प्रकार वाक्यांचा. येथे प्रत्येक परिच्छेदातील बोजडपणा, पुनरुक्ती आणि संदिग्धता पाहिली जाते. तिसरा प्रकार मुद्रणप्रत तयार करण्याचा. त्यात शुद्धलेखन, विरामचिन्हे, नावे, सनावळ्या, आणि एकच शब्द सर्वत्र एकसारखा लिहिला आहे किंवा नाही, हे तपासले जाते. चौथा प्रकार मुद्रितशोधनाचा, म्हणजे अक्षरजुळणी झाल्यावर प्रुफे वाचण्याचा. पुष्कळ तंटे असे होतात की लेखकाच्या मनात पहिला प्रकार असतो, संपादकाने आकारणी तिसऱ्या प्रकाराची केलेली असते, आणि दोघांनीही तोंडाने फक्त ‘संपादन’ हाच शब्द उच्चारलेला असतो. क्रमही उलटा करून चालत नाही. जे प्रकरण पुढे गळणार आहे त्यातील ऱ्हस्वदीर्घ आधी सुधारणे म्हणजे पाडावयाच्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

बसवनगुडीच्या त्या गृहस्थांचे हस्तलिखित चांगल्या संपादकाच्या हाती पडले तर काय घडेल? तो प्रथम शहराच्या नावापाशी थांबेल. लेखकाने कोठे बंगलोर, कोठे बंगळूर, तर कोठे बंगळुरू लिहिले आहे. त्याला यांपैकी एकच रूप बरोबर ठरवावयाचे नसते. बालपणीच्या संभाषणात सर्वांच्या तोंडी बंगलोर असेल तर ते तसेच राहू द्यावे, आणि आजच्या निवेदनात दुसरे एक रूप कायम करावे, असे तो सुचवील, आणि हा निर्णय एका यादीत नोंदवून ठेवील. अशी यादी ही संपादकाच्या कामाची मोठी खूण आहे, आणि काम संपल्यावर ती लेखकाला मिळाली पाहिजे. शुद्धलेखनाच्या बाबतीत त्याच्यापुढे साहित्य महामंडळाचे नियम असतात. १९६२ साली त्यांतील चौदा आणि १९७२ साली आणखी चार मान्य झाले. त्यापूर्वी मराठी शिकलेल्या पिढीच्या लेखणीत अजूनही जुने अनुस्वार डोकावतात. ते कोठे काढावेत आणि जुन्या पत्रांच्या उताऱ्यांत कोठे तसेच ठेवावेत, हेही आधी ठरवावे लागते.

पुढे ‘१९६२ साली कर्नाटक सरकारने’ असे शब्द आले की तो समासात खूण करील, कारण १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत राज्याचे नाव म्हैसूर असे होते. आणखी पुढे मजकूर आहे, की १९५५ साली मुंजीत मामांनी एच.एम.टी.चे घड्याळ दिले. येथे संपादक घड्याळ खोडणार नाही व सालही बदलणार नाही. तो फक्त लिहील: ‘या कंपनीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली निघाला. घड्याळ दुसरे होते, की प्रसंग दुसरा?’ हे वाचून गृहस्थ चपापतील. दोन दिवस विचार केल्यावर त्यांना आठवेल, की घड्याळ मिळाले ते १९६३ साली, एस.एस.एल.सी.चा निकाल लागला त्या संध्याकाळी. मुंजीत मामा आलेच नव्हते, आणि ते का आले नाहीत ही एक निराळी कथा आहे. घरात तिचा उच्चार कोणी करीत नसे, म्हणून त्यांनी ती लिहिलीच नव्हती. आता ते ती लिहावयास बसतील. संपादकाने एक शब्दही न लिहिता पुस्तकात एका प्रकरणाची भर पडली. दुरुस्तीपेक्षा प्रश्नाचे मोल अधिक असते ते असे.

याच हस्तलिखितात दुसऱ्या प्रकारच्या संपादकाने काय केले असते, हेही पाहावे. आईच्या तोंडी ‘हुळी’ हा शब्द आला आहे. बंगळूरच्या घरात पातळ, आंबट डाळीच्या कालवणाला कानडीतून आलेले हे नाव सहज रुळले होते. प्रमाण मराठीच्या अभिमानाने संपादक तेथे ‘आमटी’ लिहितो. वाक्य शुद्ध होते, पण स्वयंपाकघर बसवनगुडीतून उचलून सदाशिव पेठेत नेले जाते. वास्तविक अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कानडीतूनच मराठीत आले असे मानले जाते, आणि ते काढून टाका असे आज कोणी म्हणणार नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ती खानदेशच्या बोलीत होती, आणि त्या बोलीतच वाचकांपुढे आली. कोणी सद्‌हेतूने त्यांची भाषा ‘सुधारली’ असती तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते, याची कल्पनाच करवत नाही. आळसाने झालेली चूक आणि घरातून आलेला शब्द यांतील भेद ओळखणे ही संपादकाच्या योग्यतेची कसोटी आहे. ज्याला तो ओळखता येत नाही, त्याने व्याकरणाचे कितीही ग्रंथ वाचलेले असोत, त्याच्या हाती आठवणींचे पुस्तक देऊ नये.

ही कसोटी घेण्याचा सोपा मार्ग नमुना पाहणे हा आहे. सबंध हस्तलिखित देण्यापूर्वी आठदहा पाने द्यावीत. मागितल्यास त्यांचे मानधनही द्यावे. पाने परत आली की लाल खुणा मोजीत बसू नये. खुणांमागे कारण आहे का, शंका विचारल्या आहेत की परस्पर बदल केले आहेत, आणि बदललेले वाक्य मोठ्याने वाचले असता ते आपल्याच तोंडचे वाटते का, हे पाहावे. तसेच प्रत्येक फेरफार लेखकाला दिसेल अशा रीतीनेच काम व्हावे, असा आग्रह धरावा. हल्ली संगणकावर हे सहज साधते. संगणक शुद्धलेखनही तपासतो आणि वाक्येही गुळगुळीत करून देतो. म्हणून संपादक हस्तलिखित कोणत्या यंत्रणेत घालणार आहे, की स्वतः वाचणार आहे, हे आधीच विचारून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. यंत्राला ‘हुळी’ ही चूक वाटणे अगदी शक्य आहे.

मानधनाविषयी लेखकाच्या कल्पना पुष्कळदा चुकीच्या असतात, कारण वाचनाला जेवढा वेळ लागतो तेवढाच संपादनाला लागतो असे तो धरून चालतो. साधा हिशेब करावा. वाक्ये सुधारण्याचे काम ताशी हजार शब्दांच्या गतीने चालले असे मानले, तर साठ हजार शब्दांना साठ तास होतात. एकाग्रतेचे असे काम दिवसाकाठी चार तासांहून अधिक नीट होत नाही असे धरले, तर पंधरा दिवस केवळ पहिल्या वाचनाला लागतात. मग लेखकाची उत्तरे यावयाची, आणि त्यानंतर दुसरे वाचन. जो गृहस्थ चार दिवसांत सर्व काही करून देतो म्हणतो, तो काय करणार नाही याचा अंदाज यावरून बांधता येतो. आकारणी शब्दांवर असो, पानांवर असो की तासांवर, ती कोणत्या कामाची, किती वाचनांची आणि किती मुदतीची, हे एका कागदावर उभयतांच्या सहीने लिहिलेले असावे. रक्कम हप्त्यांनी द्यावी. काम अर्ध्यावर थांबले तर झालेल्या कामाचे मोल कसे ठरवावयाचे आणि हस्तलिखित कोणत्या स्थितीत परत करावयाचे, हेही त्यातच नमूद असावे. यात अविश्वास नाही. पुढे विश्वास टिकावा यासाठीच ही तरतूद असते.

संपादकाकडून काय अपेक्षू नये, हेही तितकेच स्पष्ट असावे. प्रकाशक मिळवून देण्याची हमी तो देऊ शकत नाही. पुस्तक खपेल किंवा पुरस्कार मिळवील असे आश्वासन तर मुळीच देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्यापासून दूर राहावे. संपादन, छपाई, प्रकाशन आणि प्रसिद्धी असा एकत्र सौदा करणाऱ्यांकडून प्रत्येक बाबीची रक्कम निराळी लिहून घ्यावी. पुस्तकाला लागणारा आय.एस.बी.एन. क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय अभिकरणाकडून विनामूल्य मिळतो. तेव्हा त्याच्या नावाखाली मोठी रक्कम लावली असेल तर बाकीचा हिशेबही तपासून घेणे बरे. मजकुरात एकही चूक उरणार नाही ही अपेक्षाही रास्त नाही. संपादक माणूस असतो, आणि त्याच्या हातून सुटलेल्या चुका चौथ्या टप्प्यावर मुद्रितशोधकाने पकडावयाच्या असतात.

आता प्रश्न उरतो तो मालकीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ग्रंथाचा पहिला हक्कदार सामान्यतः लेखकच असतो, आणि भाषा दुरुस्त केल्याने तो हक्क संपादकाकडे जात नाही. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला कर्तृत्वाचा आणि आपल्या कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. परंतु संपादकाने नवी प्रकरणेच लिहून दिली तर प्रश्न बदलतो. म्हणून तशी वेळ येणार असेल तर तेही करारात लिहावे.

कायद्याने हक्क शाबूत राहिला तरी मनातील प्रश्न सुटतोच असे नाही. अमेरिकन कादंबरीकार टॉमस वुल्फ यांची अवाढव्य हस्तलिखिते मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने काटछाट करून छापण्याजोगी केली. वुल्फ यांनी १९३५ सालची आपली कादंबरी कृतज्ञतेने त्यांनाच अर्पण केली. पुढल्याच वर्षी एका टीकाकाराने, ही पुस्तके लेखकाची किती आणि संपादकाची किती, असा सूर लावला. तो वुल्फ यांच्या जिव्हारी लागला, आणि १९३७ साली त्यांनी त्या प्रकाशनसंस्थेशी संबंध तोडला. याच्या उलट चित्र म्हैसूरचे आहे. आर. के. नारायण यांचे पहिले हस्तलिखित प्रकाशकांकडून साभार परत येत होते. ऑक्सफर्डमधील एका मित्रामार्फत ते ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती पडले. ग्रीन यांच्या शिफारशीने १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाले, आणि लेखकाचे लांबलचक नाव आटोपशीर करण्याची सूचनाही त्यांचीच. पुढेही ग्रीन नारायणांच्या इंग्रजीवर नजर फिरवीत असत. परंतु मालगुडी ग्रीन यांची आहे असे कोणाच्याही मनात आले नाही. इंग्लंडमधील वाचकाला जे अपरिचित होते ते काढून टाकण्यापेक्षा ते त्याच्यापर्यंत नीट पोहोचावे, ही ग्रीन यांची दृष्टी होती, आणि नारायणांचे गाव त्यांचेच राहिले.

बसवनगुडीच्या गृहस्थांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. संपादकाच्या सर्व सूचना मान्य करू नयेत, आणि सर्व फेटाळूही नयेत. जी सूचना वाचताच राग येतो ती दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचावी. पुष्कळदा तीच खरी असते. जेथे सूचना खरी पण सुचवलेला उपाय परका वाटतो, तेथे दोष मान्य करून उपाय स्वतः शोधावा. नको असलेल्या बदलापुढे ‘मूळचे राहू द्यावे’ असे शांतपणे लिहावे. त्याची कैफियत द्यावी लागत नाही. पुस्तकावर नाव लेखकाचे पडणार आहे, तेव्हा शेवटचा शब्दही त्याचाच असला पाहिजे. मात्र शेवटचा शब्द आपल्या हाती आहे एवढ्यासाठी मधले सर्व शब्द ऐकून घेण्याची तयारी त्याने ठेवली पाहिजे.

हस्तलिखित परत आले, की समासातील एकेका शंकेला उत्तर देताना त्या गृहस्थांना आपल्याच घराच्या पुष्कळ गोष्टी नव्याने कळू लागतील. मामा मुंजीला का आले नाहीत ते लिहून होईल. आईच्या पानावर संपादकाने ‘हुळी’ या शब्दाखाली बारीक रेघ ओढून विचारलेले असेल: ‘हा शब्द असाच ठेवावा ना?’ त्यापुढे ते ‘होय’ असे लिहितील आणि पान उलटतील.